ञ

पहिलीच्या तक्त्यावर
या एकाच खणात चित्र नव्हतं.
छ छत्रीचा, झ झबल्याचा,
आणि हा नुसताच,
बाकावर उभा केल्यासारखा.
बाई म्हणायच्या, म्हणा आणि पुढे चला.

सत्तेचाळीस वर्षांनी भेटला
कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात,
संध्याकाळी साडेसहाच्या स्पॅनिशला,
एनच्या डोक्यावर आडवी लाट होऊन.
नाकातून काढा, तांबवेकर मॅडम म्हणाल्या,
जीभ टाळूला चिकटू दे.

अद्वय मुजुमले, जर्मनची बॅच भरली म्हणून इथे आलेला,
वय सांगताना साधा न म्हणाला.
मॅडमनी हसू दाबलं.
"वर्षं म्हणायचंय ना तुला?
आत्ता जे म्हणालास
ते बसायच्या जागेचं नाव आहे."
वर्ग फुटला. तोही.

मग मी.
तिकडे म्हणे वय नसतं कुणाचं,
वर्षं असतात, जवळ.
तेंगो सिन्क्वेंता इ त्रेस आञोस.
आहेत माझ्याकडे त्रेपन्न वर्षं.
ञ बरोबर लागला.
मागून कुणीतरी म्हणालं, वा काकू.

वारज्याच्या बसमध्ये तेच घोळवत होते तोंडात.
आहेत माझ्याकडे.
कुठे ठेवलीत, हे मॅडमनी विचारलं नाही.
सत्तावीस तर पतपेढीच्या काउंटरवरच गेली,
काही आईच्या औषधांच्या डब्यात असतील,
मागच्या कप्प्यात.

कंडक्टर समोर.
"सुटे आहेत का, ताई?"
आहेत, म्हटलं,
आणि पर्स उघडून
बराच वेळ नुसती चाचपत राहिले.