पस्तिसावा बिल्ला

मंडईत यंदा साकोलीकडून एक चक्कर आलं,
विजेवर फिरणारं, लाल-काळ्या घरांचं.
येईल त्याला पाच बिल्ले फुकट.
खेळायचे; मोडून मागायचे नाहीत.
लागला तर बिल्ला त्यांचा, दहाची नोट तुमची.

पोट्टे सगळे बारा नंबरावर तुटून पडले
आणि भज्यांच्या वासात रिकामे उभे राहिले.

फुलवंता शेंडे तेंदूच्या फळीवर पुडके मोजते.
तिनं आधी घर गोळा केलं:
दीर, जाऊ, दोन भाचे,
दंडारीतून ओढून आणलेला नवरा,
आणि सासू, जिला वाटलं प्रसाद वाटून राहिले.
सात माणसं. पस्तीस बिल्ले.

सतरा लालवर.
सतरा काळ्यावर.
मधे हिरवं एकच घर होतं,
तेवढ्यापुरता तिनं श्वास धरला.

काटा काळ्यावर थांबला.
एकशे सत्तर रुपये
तिनं थुंकी लावून दोनदा मोजले.
"बाई, हात चालून राहिला, बसा नं अजून,"
चक्करवाला म्हणाला.
"चुलीवर भात ठेवून आली मी."
भात नव्हता.

उरलेला बिल्ला कनवटीला राहिला.
आता वैशाखात, फळीवर,
शंभर पुडके झाले की
ती तो डाव्या मुठीतून
उजव्या मुठीत घेते.
मुनशीची वही
तिच्याकडे बघून लिहिली जाते.