अर्धी ओळ मागे

इन्व्हरकार्गिलला नाताळ भर उन्हाळ्यात येतो.
चर्चमागच्या खड्ड्यात, तापल्या दगडांवर
अळकुड्या, डुकराचं मांस, वर ओली पोती.
ऐंशीच्या मोरागबाई यंदाही
तडकलेला केक घेऊन आल्यात,
भेगांवर सायीचं लिंपण.

लुपेनं फोन साखरेच्या डब्याला टेकवला:
युटामधली लेक, मागे बर्फ,
तिथं अजून कालचाच दिवस.

गाणं सुरू झालं तेव्हा कळलं,
सिसिलिया अर्धी ओळ मागे पोचतेय.
तिचा आवाज बंद करा, कुणीतरी म्हणालं.
लुपे ताटल्या पुसत राहिली,
पुसलेल्याच.

मग मोरागबाईच थांबल्या
ओळीच्या टोकाशी, श्वास धरून.
मागोमाग सगळे.

समुद्रापलीकडून शब्द आला, टेकला,
तेव्हा आम्ही पुढची ओळ उचलली.

चार कडव्यांना अर्धा तास.
केकवरची साय
ओघळून गेली उन्हात.