बावीस मिलिमीटर

एकोणीसशे शहात्तरची मॅटाडोर.
आत दोन फळ्यांचा पलंग, घडीचा ओटा,
खिडक्यांना वायलचे पडदे,
टपावर वीस लिटरची टाकी, नळीने भरायची.
मी दहावीत होते तेव्हा मामांनी
टिळकवाडीतल्या कायतान सुताराकडून
तिचं घर करून घेतलं.
घर म्हणजे नेमकं काय, दोघांनाही माहीत नव्हतं.
मामा बिनलग्नाचे,
कायतान वर्षातले आठ महिने गोव्याला.

आता मामा नाहीत.
रिमच्या कडेला बोट लावलं की गंजाचा पापुद्रा हातात येतो
आणि त्या मापाचा टायर
‘म्युझियमात विचारा ताई,’
म्हणाला खडेबाजारातला.

मग निपाणीच्या भंगारातून पाच चाकं आणली.
दुसऱ्या कुठल्या गाडीची, पण गोल.
भोकं जुळली, पाचाला पाच.
पुढची बसली.
मागचीही बसली,
पण आतून पाट्याला घासायला लागली.
टायर आणि पाट्याच्या मध्ये
पोस्टकार्ड जाईना.

एकजण म्हणाला, वायसर घाला की चार-चार,
आत कोण बघतंय?
दुसरा म्हणाला, विका.
तिसऱ्याने काही न म्हणता
उद्यमबागेतल्या अडिवेप्पाचा नंबर दिला.

अडिवेप्पाचं लेथ मशीन त्याच्यापेक्षा वयाने मोठं.
वायसरचं ऐकून त्याने कॅलिपर खाली ठेवला,
चष्मा काढला.
‘बाई, तुम्ही ह्याच्यात झोपता न्हवं?’

मग गाडीखाली गेला.
हब मोजला, हबची गळ्याकडची बाजू मोजली,
बोल्टपासून बोल्ट,
पुन्हा बोल्टपासून बोल्ट.
आणि शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूने
जाडी लिहिली.
कानडी आकडे मला येतात
बसच्या पाट्या वाचून वाचून.
दोनावर दोन. बावीस.
कानडी दोन आणि आपला दोन
जवळजवळ एकच,
शेपूट तेवढं वेगळं.

‘ओतलेलं नको, फुटतंय.’
ईएन-आठचा गोळा, कापून आणलेला.
पात्याखालून निळ्या साली निघत राहिल्या,
पांढऱ्या पाण्याचा कडवट वास,
दुपारी जेवणाच्या डब्यातही तोच.
मी स्टुलावर बसून होते,
माझ्याकडे काम काहीच नव्हतं.
तीन वाजता पहिला स्पेसर निघाला, चकचकीत.
त्याने मोजला आणि बाजूला ठेवला.
‘हे न्हाई.’
कागदाएवढं तर कमी आहे की ओ.
‘कागूद तुमचा.
घाटात उतरणार गाडी.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही तयार झाले,
बोल्ट नवे, लांब, दाबून बसवलेले.
चाक लागलं.
नट आवळताना तो गोल फिरला नाही,
एक, मग समोरचा, मग तिरका,
रांगोळीत चांदणी काढतात तसा.
‘इन्नू स्वल्प,’ तो स्वतःलाच म्हणाला,
पान्यावर वजन टाकलं.
मग मला:
‘पन्नास किलोमीटरवर थांबायचं.
परत आवळायचं. इसरायचं न्हाई.’

नाकारलेला स्पेसर मी मागून घेतला.
पैसे घेईना.
आता त्यावर गरम पातेलं ठेवते,
ओटा भाजत नाही.
तिसऱ्या भोकाजवळ त्याच्या अंगठ्याचा
काळा ठसा आहे,
पातेल्याखाली गेला की दिसत नाही.

संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या कडेला गाडी लावली.
पुढे काही मैलांवर राज्य बदलतं,
इथे फक्त धूळ.
पायाने पान्याला जोर दिला.
डावीकडचे चार जागचे हलले नाहीत.
पाचवा हलला.

फोन केला.
मागे लेथ चालू होतं,
दोघेही ओरडूनच बोललो.
‘किती?’
पाव आटा.
थोडा वेळ नुसतं लेथ ऐकू आलं.
‘सरी. आता उजवीकडचं बघा.’