उताणी

गाभण मेंढी पाठीवर कलंडली की तिला परत वळता येत नाही.
चार पाय वर, आभाळ तुडवत राहते.
पोटात वायू धरतो. डोमकावळे वाट बघतात,
आणि आधी डोळे घेतात.
मागच्या मार्चात बेर्विनच्या उतारावर आमच्या तीन गेल्या.
तिसरी तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली असती,
मी पडदा सारला असता तर.

म्हणून एकसष्टाव्या वर्षी
मी सोल्डर करायला शिकले.

हुशारी कसली, पहिल्याच दिवशी बॅटरी उलटी लावली.
एक चिप अंगठ्याखाली तापली
आणि धूर सोडून मोकळी झाली.
इद्वाल म्हणाला, "टोस्ट झाला वाटतं."
माझा भाऊ. एकदा एवढं बोलला
की आठवडाभर पुरवतो.

तसं यंत्र साधंच.
शेंगदाण्याएवढी एक नळी, आत गोळी.
कानाशी हलवली तर वाजते,
शिवणाच्या डब्यात उरलेल्या एकुलत्या मण्यासारखी.
नळी उभी असली की गोळी तळाशी, सर्किट पुरं.
आडवी झाली की गोळी घरंगळते
आणि घरात, लोण्याच्या बशीशेजारी, बझर ओरडतो.
सगळे मिळून नऊ पौंड. मार्जरीनचा डबा घरचाच.
अँटेनाची तार सतरा सेंटिमीटर हवी होती, मी अठरा कापली.
तो जास्तीचा एक सेंटिमीटर
अजून टेबलाच्या फटीत आहे.

बेचाळीस नंबरच्या पाठीला डबा बांधला.
त्या रात्री बझर अकरा वेळा वाजला.
अकरा वेळा मी टॉर्च घेऊन चढले,
अकरा वेळा ती दगडी बांधाला अंग घासत होती
आणि माझ्याकडे बघत होती, हिला झोप नाही का म्हणून.
बाराव्यांदा मी उठले नाही.
अंथरुणात पडून राहिले, डोळे उघडे.

सकाळी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली:
नव्वद सेकंद थांब. तरीही आडवीच असेल, तर ओरड.
आमच्या घराण्यात हे आजवर
कुणालाच जमलेलं नाही.

आता चाचणी. पण पोटुशीला मुद्दाम उलथायचं कसं?
डबा माझ्याच गळ्यात अडकवला,
बांधापलीकडच्या ओल्या नेच्यांत गेले
आणि आडवी झाले.
वीस. तीस. कोटाच्या पाठीतून थंडी आत आली.
पन्नास. एक ढग, काहीच न करणारा.
वर्षानुवर्षं हा उतार चढले,
त्याला असं खालून कधी बघितलं नव्हतं.
नव्वद. इथे काहीच ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
शंभर. एकशेदहा.

मग मागचं दार आपटलं.
इद्वाल. मोज्यांवर. डावा खुबा बिघडलेला,
वडिलांच्या दफनालाही सावकाश चालत आलेला माणूस
चिखलातून धावत वर येत होता.
त्याचा चेहरा माझ्यावर उलटा लटकला,
हनुवटी वर, दम खाली.
"चाचणी होती," मी म्हटलं.
तो श्वास घेत राहिला.
"मला वाटलं मेंढी," तो म्हणाला.

मेंढ्या सगळ्या खालच्या कुरणात होत्या.
सकाळी त्यानंच नेल्या होत्या.

उताणी मेंढी उभी केली की लगेच सोडायची नसते.
तिला भोवळ असते, पुन्हा त्याच कुशीवर जाते.
गुडघ्यांत धरून ठेवायची,
पायांना जमीन आठवेपर्यंत.
हे त्यानंच मला शिकवलं, मी नऊ वर्षांची असताना.
माझं कोपर त्यानं बराच वेळ सोडलं नाही.
मी पण नेस्टा आहे, मेंढी नाही, असं म्हटलं नाही.

मोजे चुलीवर वाळताहेत, घरभर वास.
ओढ्यापलीकडून सिग्नल अजून येत नाही
आणि एक सांधा कच्चा आहे, हलवला की तुटतो.
लोखंड तापत ठेवलंय.
इद्वाल टेबलापाशी बसलाय, तार धरून,
जिथे सांगितलं तिथे,
न हलता.