पस्तीस

काचेच्या वाकड्या नळीत एक काळी गोळी.
नेलिदा ती डॅशबोर्डवर चिकटवते,
साबणाच्या डबीएवढी.
सातुर्निनोचा ट्रक जस्ताच्या खनिजाने भरलेला,
ओरोयाच्या वरचा घाट, ढग खाली.

"चाळीसने घे."
गोळी सरकते. आठ अंश.
"पंचेचाळीस."
अकरा. मागे माल कुरकुरतो,
आतल्या अंगाची चाकं
क्षणभर जमिनीचं ऐकत नाहीत.

"माझी नळी ही," म्हणत तो
टवका उडालेला मग दाखवतो, कोकाच्या चहाचा.
"काठाला आला की पाय उचलायचा.
सांडला, म्हणजे उशीर झाला."

ती पेन्सिलीने लिहिते: ३५.
बाहेरच्या अंगाला तीन क्रूस,
एकाला ताजा निळा रंग.
तो टोपी काढत नाही, फक्त गिअर उतरवतो.

"झोप धरलीस का हिशेबात?
रात्री दोनची?
आणि घरी पोरगी जागी असते, ते?"

सूत्रात त्रिज्या आहे, घर्षण आहे,
रस्त्याचा कलता उठाव आहे.
नेलिदा खोडरबर शोधते. नाही सापडत.
मग नखानेच खरवडते पाच,
शून्य काढते.

कागदाला तिथे भोक पडलंय.