चालवायला की विकायला

रुस्तावीच्या गाडीबाजारात, शेवटच्या फाटकापाशी
माझं तेलाचं दुकान. दुकान म्हणजे
बोटीवरून उतरलेला एक लोखंडी कंटेनर,
आत शेगडी, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, चारशे डबे.
लोक येतात, विचारतात, लामारा, चांगलं तेल कुठलं?
मी म्हणते, कुणासाठी चांगलं?

डब्यावर दोन आकडे असतात.
पहिला थंडीचा: पहाटे हाक मारली
तर किती चटकन ओ देईल.
दुसरा, डोकं तापल्यावर
किती पातळ होईल, त्याचा.
लग्न जुळवताना हे कुणी छापून देत नाही.
माझा बेसो शून्य-वीस होता. हाकेच्या आधी उठायचा,
आणि पोलादाच्या भट्टीवरून घरी आला
की नुसतं पाणी.

शनिवारी संध्याकाळी ओतार आला.
करड्या ओपेलसाठी वीस-पन्नास दे म्हणाला, पाच लिटर.
त्या गाडीच्या पुस्तकात पाच-तीस लिहिलंय,
त्याला ठाऊक, मला ठाऊक.
वीस-पन्नास म्हणजे काकवी.
झिजलेल्या बेअरिंगच्या फटीत जाऊन बसते
आणि आतली खडखड
चार दिवस, फार तर आठ,
तोंडावर उशी दाबल्यासारखी गप्प होते.

मी विचारलं, चालवायला की विकायला?
तो हसला. पैसे मोजले नाहीत, नुसते ठेवले.
बेसो खाटेला खिळला त्या हिवाळ्यात
ओतारनंच सरपण आणून टाकलं होतं, दोन खेपा,
आणि शेवटी जिन्यावरून खाली उतरवताना
पायांकडची बाजू त्याने धरली होती.
मी पाच लिटर दिलं.
नरसाळंही दिलं.

रविवारी अकराच्या सुमारास
तीच करडी ओपेल माझ्या दाराशी.
आत ओतार नाही. एक बाई, नर्स असावी,
खिशाला उलटं घड्याळ लावलेलं,
आणि शेजारी तिचा धाकटा भाऊ. काखेतीहून बसने आलेली.
फेरी मारायला घेतलीय, म्हणाली, पैसे अजून दिले नाहीत.
इंजिन किती शांत आहे, नाही?
एवढंच सांगा, हिच्यात तेल कुठलं घालत जाऊ?

डोळ्यांत तेल घालून बघतात म्हणे लोक.
माझ्या नखांतसुद्धा तेल, तरी मी
काचेवरच्या धुळीकडेच बघत राहिले.
मग कांडी ओढली, कागदाला टेकवली.
थेंब सोनेरी, मधासारखा.
दोन लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनात
एका रात्रीचा थेंब.
पसरेना.

पाच-तीस, मी म्हटलं. हेच तिचं तेल.
पैसे देण्याआधी घाला, अर्ध्या तासाचं काम.
मग रात्रभर उभी राहू दे,
आणि पहाटे सुरू करून ऐका.
त्याआधी बॉनेटवर हात ठेवा,
हाताला गार लागलं पाहिजे.
भावाला कळलं नाही.
तिने थेंबाचा कागद नीट घडी केला
आणि घड्याळामागे, खिशात ठेवला.

ओपेल मग महिनाभर बाजारातच दिसत होती.
ओतार आता तेल पलीकडच्या फाटकावरून नेतो.
इथून जाताना हॉर्न मात्र वाजवतो, एकदाच, पूर्वीसारखा.
त्याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

बेसोची झिगुली कंटेनरच्या मागे उभी असते.
सकाळी सुरू केली की टकटक करते,
दुसऱ्या सिलिंडरपाशी कुठेतरी.
जाड तेल घाल, थांबेल, सगळेच सांगतात.
मी तिला तिचंच घालते, दहा-चाळीस,
आणि ती गरम होईस्तोवर
शेगडीवर चहा ठेवून
ऐकत बसते.