अकरा खिडक्या

साखर पेठेतल्या गज्जमांच्या कारखान्याला
पूर्वेकडं एकही खिडकी नव्हती.
एतिएननं तिथं अकरा काढल्या.

मी तेव्हा नंबरप्लेटा रंगवायचो.
'हॉर्न ओके'तला ओ
कंपासशिवाय जमायचा नाही मला.
त्यानं तो एकदा पाहिला, बोलला काहीच नाही,
दुसऱ्या दिवशी ब्रशांचा डबा माझ्याकडं.

त्याचं गाव लियों.
तिथं त्याचा पणजा रेशमाच्या मागावर बसायचा.
आमच्याकडचे जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे दिसले
तेव्हा त्यानं एक उचलून उन्हात धरला.
तोंडभर उजेडाचे ठिपके,
आणि तो तसाच उभा,
घरून आलेलं पत्र वाचावं तसा.

एप्रिल. त्रेचाळीस.
परांचीचा बांबू हाताला चटका द्यायचा,
रंग ब्रशवरच वाळायचा.
म्हणून पहाटे साडेचार ते नऊ.
मग सावलीला बसून कडक भाकरी आमटीत मोडायची,
शेंगाचटणीनं डोळे भरून यायचे त्याचे
तरी बोटं चाटायचा.
भिंतीआड माग खटखटत असायचे.
हात टेकवून म्हणायचा, हिला नाडी आहे.
(दुभाषा नव्हता. हे अर्थ मीच लावलेले.)

एका खिडकीत कांड्या भरणारा राजमल्लू,
एकीत नुसताच वाळत घातलेला टॉवेल,
सातवीत माझी आई,
मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूपत्ता.
"नाक तरी नीट काढ म्हणावं त्याला."
त्यानं होतं तसंच काढलं, वाकडं.
तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.
चौथ्या दिवशी डबा पाठवला.

तिसऱ्या खिडकीवर एक चिमणी
रोज येऊन आपटायची.
तो पुन्हा वर चढला
आणि झडप अर्धी ओढून घेतली.

शेजारचा प्लॉट रिकामा होता.
मी खुणेनं विचारलं, उद्या इथं कुणी बांधलं तर?
त्यानं ओल्या ब्रशनं फरशीवर
एक भिंत काढली, त्याची पहिली,
तिच्यापुढं काढलं गॅरेज,
मग हसला.
फरशी वाळेपर्यंत दोन्ही दिसत होतं.

चिलवेरींचं तीन मजली उभं राहिलं
तेव्हा तो कुठल्या देशात होता, ठाऊक नाही.
वीट चढेल तशा खिडक्या गेल्या.
सातवी बुधवारी गेली.
आई खाली उभी राहून बघत होती,
पदरानं वाळू झटकत म्हणाली,
"बरं झालं. ऊन तरी लागायचं नाही आता."

दोन भिंतींत नऊ इंचांची फट आहे.
कधी रात्री टॉर्च घालून बघतो.
सूप दिसतं, कात्रीचं एक पातं दिसतं.
नाकापर्यंत उजेड पोचत नाही.

ओ मी आता हातानंच काढतो.
जरा वाकडा येतो.
गिऱ्हाईक कुरकुरतं,
मी तसाच ठेवतो.